मंद चालीची भुताची गोष्ट आणि तिचे प्रेक्षक



भुताच्या गोष्टीवर भाषण करावयास शाळामास्तर कशाला हवा, असें आपणांपैकीं कोणाच्या मनांत आलें तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. सारी उमर मुलांना अंकगणित आणि मराठी शिकविण्यांत गेली. परंतु ज्याला वर्षानुवर्षें वर्गापुढें उभें राहून गोष्ट सांगावी लागली, त्याला एक विद्या आपोआप साधते. गोष्ट रेंगाळूं लागली म्हणजे मागच्या बाकावर चुळबूळ केव्हां सुरू होते, हें तो पाठ फिरवूनहि सांगूं शकतो. आज मला बोलावयाचें आहे तें या चुळबुळीविषयींच.

अॅनिमे या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रमालिका आतां आपल्या घराघरांतून तरुण मंडळी पाहत असतात. हलत्या चित्रांत सांगितलेल्या या गोष्टींना पोरांचा खेळ समजून वडील माणसें त्यांच्याकडे फिरकत नाहींत. त्यामुळें त्यांत लहान मुलांनीं पाहूं नये असें किती आहे, आणि मोठ्यांनीं अवश्य पहावें असें किती आहे, या दोहोंचाहि पत्ता घरांतल्या कर्त्या माणसास नसतो. अशा मालिकांपैकीं एक मी नुकतीच संपूर्ण पाहिली. तिचें नांव 'शिकी'. प्रेतांतून उठलेलें पिशाच, असा कांहींसा त्या शब्दाचा अर्थ आहे.

मूळ गोष्ट फुयुमी ओनो या लेखिकेची. ही कादंबरी १९९८ सालीं दोन जाड खंडांत प्रसिद्ध झाली. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांनीं १९७५ सालीं 'सेलम्स लॉट' नांवाची कादंबरी लिहिली होती; तींत रक्त पिणारें पिशाच एका लहान गांवांत वस्तीला येतें आणि हळूहळू सारें गांव गिळून टाकतें. ओनोबाईंनीं आपली कादंबरी त्याच पुस्तकास अर्पण केली आहे. ऋण घेतलें तें उघड सांगितलें, ही गोष्ट मला आवडली. पुढें रियू फुजिसाकी यांनीं या कादंबरीची चित्रकथा काढली, आणि २०१० च्या जुलैपासून डिसेंबरअखेरपर्यंत ती चलच्चित्रांच्या रूपानें जपानच्या फुजी दूरचित्रवाणीवर दर आठवड्यास, रात्रीं उशिरां, दाखविली गेली. दिग्दर्शक तेत्सुरो आमिनो. भाग २२, प्रत्येक भाग सुमारें २३ मिनिटांचा, शिवाय दोन भाग निराळे काढून ते फक्त तबकड्यांवर विकले.

आमच्या घरीं ही मालिका नातवानें आणली. भाषा जपानी, खालीं इंग्रजी अक्षरें. आमच्या सौभाग्यवतींना तीं अक्षरें तितक्या वेगानें वाचतां येत नाहींत; म्हणून नातू मध्येंच चित्र थांबवी आणि मराठींत अर्थ सांगे. अगोदरच मंद चालीची गोष्ट, त्यांत हा दुभाषी! शेजारचे एक वयोवृद्ध वकील, माझे स्नेही, तिसऱ्या दिवसापासून येऊन बसूं लागले आणि प्रत्येक पात्राची उलटतपासणी करूं लागले. तेव्हां आमच्याकडे ती किती मंद झाली असेल याची कल्पना आपणच करावी.

आतां गोष्ट. सोतोबा नांवाचें सुमारें १३०० वस्तीचें एक डोंगरी खेडें आहे. भोंवतीं सूचिपर्णी झाडांचें दाट रान. उन्हाळा विलक्षण कडक. गांवाच्या टोकाला एका वाडींत तीन म्हातारीं माणसें मरून पडलेलीं सांपडतात. पंधरा वर्षांची मेगुमी नांवाची एक मुलगी आहे. तिला खेड्याचा वीट आला आहे आणि डोंगरावर नव्यानें उभ्या राहिलेल्या विलायती धाटणीच्या वाड्याचें तिला वेड लागलें आहे. त्या वाड्यांत किरिशिकी नांवाचें कुटुंब राहावयास येतें, तेंहि रात्रीं. मेगुमी एका संध्याकाळीं वाड्याच्या वाटेनें जाते, ती रानांत बेशुद्ध सांपडते. डॉक्टर म्हणतात, रक्त कमी झालें आहे, विश्रांति घ्या. थोड्याच दिवसांत ती मरते. पुढें आणखी एक माणूस मरतो. पुढें आणखी एक. पडद्यावर तारीख पडत जाते, सिकाडा नांवाचे किडे रानांत किर्र ओरडत राहतात, म्हाताऱ्या बायका दुकानापुढें बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चर्चा करतात, आणि पुन्हा एक अंत्ययात्रा निघते.

पहिले पांचसहा भाग हें असेंच चालतें. आणि येथेंच प्रेक्षकांची पांगापांग होते.

या मालिकेविषयीं पाहणारांच्या ज्या तक्रारी ठिकठिकाणीं ऐकूं येतात, त्यांत दोन मुख्य. एक, पात्रांच्या केसांची. कोणाचे केस जांभळे, कोणाचे शिंगासारखे वर उभारलेले, कोणाचे असे कीं वाऱ्याशीं त्यांचें कांहीं वैर असावें. ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. मरणाच्या दारीं बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तुरा पाहून हसूं येतें, आणि हसूं आलें कीं भय पळतें. चित्रकथाकारानें हौस केली ती दिग्दर्शकानें निमूटपणें पुढें चालविली. कात्री घेतली असती तर बरें झालें असतें.

दुसरी तक्रार मंदपणाची. ती मात्र मला मान्य नाहीं, आणि तिचाच मला समाचार घ्यावयाचा आहे.

नातवाचा एक मित्र आहे, हुशार मुलगा. त्यानें हीच मालिका दीडपट वेगानें पाहिली. संगणकावर तशी सोय असते. बटण दाबलें कीं माणसें दीडपट घाईनें बोलतात, दीडपट घाईनें मरतात. त्याचें मत असें पडलें कीं पहिल्या आठ भागांचे दोन भाग करतां आले असते. मीं त्याला विचारलें, "मेगुमीनंतर कोणकोण गेलें, सांग बरें." त्याला तीन नांवें सांगतां आलीं, त्यांतलें एक चुकीचें. आमच्या सौभाग्यवतींनीं अकरा सांगितलीं, आणि कोणाची सून कोण हेंहि सांगितलें. आतां, ज्याला मेलेल्यांचीं नांवें ठाऊक नाहींत त्याला गोष्ट कंटाळवाणी वाटावी यांत नवल काय? त्याच्या दृष्टीनें कोणी मेलेंच नाहीं. कांहीं चित्रें पडद्यावरून गेलीं, इतकेंच.

लेखिकेला एक माणूस मारावयाचा नाहीं, एक गांव मारावयाचें आहे. एक माणूस एका भागांत मारतां येतो. गांव मरतें तें दिसावयाचें असेल तर आधीं गांव दिसलें पाहिजे. दुकानदार, पोस्टांतला कारकून, दवाखान्यांतल्या परिचारिका, देवळांतले भिक्षु, भांडकुदळ सासवा, सारीं दिसलीं पाहिजेत. नांवें फार झालीं, गोंधळ उडतो, अशीहि एक पोटतक्रार आहे. तिच्यांत तथ्य आहे. वकीलसाहेबांनीं चौथ्या दिवशीं कागद घेऊन वंशावळच काढली. पण नव्या गांवांत बदली होऊन गेलेल्या मास्तराचा असाच गोंधळ उडत असतो. पहिल्या महिन्यांत कोणता पोरगा कोणाचा तें कळत नाहीं, आणि दुसऱ्या महिन्यांत त्यांतला एखादा शाळेंत आला नाहीं तर वर्ग मोकळा दिसतो.

येथें एक विषयांतर करतों, कारण तें केल्यावांचून मला राहवणार नाहीं. 'सोतोबा' हा शब्द. गांवाचें नांव ज्या चिनी वळणाच्या अक्षरांनीं लिहितात त्यांचा अर्थ 'बाहेरची जागा' असा होतो. पण त्याच उच्चाराचा जपानींत दुसरा एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ थडग्यापाशीं उभी करावयाची उंच, अरुंद लाकडी फळी. मृताच्या नांवानें या फळ्या बौद्ध स्मशानांत लावतात. गोष्टींतल्या गांवचा जुना धंदाच मुळीं रानांतलें लाकूड तोडून या फळ्या करण्याचा आहे. आणि हा शब्द आला कोठून? तो आपल्या संस्कृतांतील 'स्तूप'! बौद्ध धर्माबरोबर हा शब्द चीनमार्गें जपानांत गेला आणि जिभेवर घासतां घासतां सोतोबा झाला. त्या फळ्यांवर पुष्कळदां सिद्धम् नांवाच्या जुन्या भारतीय लिपींत संस्कृत बीजाक्षरें लिहिलेलीं असतात. आपल्या वेरूळ-कार्ल्याचा स्तूप तेथें दूर कोण्या डोंगरांत लाकडाची फळी होऊन मेलेल्या शेतकऱ्याच्या उशाशीं उभा आहे, हें समजल्यावर मीं मालिका पुन्हा पहिल्या भागापासून लावावयास सांगितली. नातवानें कपाळाला हात लावला.

दुसरी एक बाब आपल्या प्रेक्षकांच्या सहज ध्यानांत येणार नाहीं. आजच्या जपानांत शेंकडा ९९ हून अधिक मृतांचें दहन होतें. सोतोबा गांवानें मात्र पुरण्याची जुनी चाल सोडलेली नाहीं. साऱ्या अनर्थाचें मूळ तेथें आहे. जें जाळलें तें उठत नाहीं, जें पुरलें तें उठूं शकतें. जपानी प्रेक्षकाला पहिल्याच अंत्ययात्रेंत हें खटकत असणार, आणि त्याचें भय आपल्यापेक्षां एक पाऊल पुढें असणार. आपल्याकडे चिता ही नित्याची आणि दफनहि पाहण्यांतलें, म्हणून आपण तें पाहूनहि पाहत नाहीं. गोष्ट मंद वाटण्याचें एक कारण हेंहि असूं शकेल कीं तिच्या खुणा आपणांस वाचतां येत नाहींत.

आतां माझ्या सुनेविषयीं सांगतों. ती एका रुग्णालयांत परिचारिका आहे. २०२० आणि २०२१ हीं दोन वर्षें तिनें तेथें कशीं काढलीं याविषयीं ती घरांत फारसें बोललेली नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं. भुताखेतांची तिला आवड नाहीं. पाळी संपवून आली कीं ती भाजी निवडीत कोपऱ्यांत बसे आणि अर्धें लक्ष पडद्याकडे असे. पण तोशिओ ओझाकी हा गांवचा डॉक्टर मृतांचे कागद पुढें घेऊन रात्रीं दिव्यापाशीं बसला, आणि रक्तांत काय बिघडलें याचें कोडें त्याला सुटेना, तेव्हां सुनेच्या हातांतली भाजी तशीच राहिली. डॉक्टर आधीं साथ समजतो. कोणती साथ? जंतु सांपडत नाहीं. एकेक इंद्रिय निकामी होत जातें, तीनचार दिवसांत माणूस जातो. देवळाचा धाकटा भिक्षु सेइशिन मुरोइ हा डॉक्टरचा बालमित्र; त्याला प्रत्येक मृत्यूची वार्ता आधीं कळते, कारण अंत्यविधीचें बोलावणें त्यालाच येतें. दोघे मिळून आंकडे जुळवितात. कोणी नोकरीचा राजीनामा देऊन मरतो, कोणी रातोरात सामान गाडींत भरून गांव सोडून जातो, आणि शेजाऱ्यांना त्याचें कांहींच वाटत नाहीं.

"हें असेंच असतें," सून म्हणाली. "पहिल्या दहांना नांवें असतात, मग आंकडा होतो." तिच्या तोंडून त्या दोन वर्षांसंबंधीं मीं ऐकलेलें हें सर्वांत लांब वाक्य. भाग संपल्यावर नातवानें विचारलें, "आई, कंटाळा आला का ग?" ती म्हणाली, "नाहीं. फार भरभर चाललें आहे."

एकाच मालिकेस एका घरांत कोणी फार मंद म्हणतो, कोणी फार भरभर म्हणतो. २०१० सालीं ज्यांनीं जपानांत ती आठवड्यास एक याप्रमाणें पाहिली, त्यांना भर उन्हाळ्यापासून वर्षाच्या शेवटच्या गुरुवारापर्यंत थांबावें लागलें. गोष्टींतला उन्हाळा आणि त्यांचा उन्हाळा बरोबरच ओसरला असेल. एका बैठकींत आठ भाग संपविणाऱ्याला तो अनुभव कोठून मिळावा? मीं नातवाला दिवसाला दोनच भाग असा नियम घालून दिला. जेवण नियमित असावें तसें भयहि नियमित असावें, असें माझें मत आहे.

भयाच्या नियमांवरून आठवलें. हीं पिशाचें बोलावल्याशिवाय परक्याच्या घरांत शिरूं शकत नाहींत. ही युरोपांतल्या जुन्या कथांतली कल्पना आहे, पण खेड्यांत आणून लेखिकेनें तिला धार लावली आहे. खेड्यांत दाराशीं आलेल्या ओळखीच्या माणसाला 'या' म्हणणार नाहीं असा कोण? मेलेली सून, मेलेला भाऊ दाराशीं येऊन उभा राहतो, आणि आंतल्या माणसाच्या तोंडून तो एक शब्द निघतो. आपला मुंजा पिंपळावर राहतो, हडळ उलट्या पावलांची असते, वेताळाची पालखी निघते. त्यांना आमंत्रण लागत नाहीं, पण तीं ओळखूं तरी येतात. येथें ओळखीचें तेंच घातक. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मग आपल्याकडे हीं यायला किती वेळ लागेल? आपण तर 'या, बसा, चहा घ्या' एकदमच म्हणतों." वकीलसाहेब त्यावेळीं चहाच घेत होते.

मेगुमीचें थडगें उकरून पेटी रिकामी आहे हें प्रथम पाहतात तीं मुलें. नात्सुनो हा शहरांतून आलेला मुलगा आणि त्याच्याबरोबर एक बहीण-भाऊ. मोठीं माणसें तेव्हां अजून साथीचाच विचार करीत असतात. शाळेंत ज्यानें दिवस काढले त्याला यांत अतिशयोक्ति दिसणार नाहीं.

ओनोबाईंचे यजमान युकितो आयात्सुजी हेहि रहस्यकथाकार आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. त्यांच्या 'अनदर' या २००९ च्या कादंबरीवरून २०१२ सालीं १२ भागांची मालिका निघाली. तींत एका शाळेच्या एका वर्गांत एक विद्यार्थी जास्त आहे. कोणी तरी एक मेलेला त्यांत बसला आहे, आणि तो कोण हें त्याला स्वतःलाहि माहीत नाहीं. हजेरीपट जुळत नाहीं! मास्तराच्या अंगावर कांटा आणावयास याहून अधिक काय हवें? पण ती गोष्ट पुढें पुढें धांवत सुटते. माणसें छत्रीनें मरतात, जिन्यावरून पडून मरतात, आणि प्रेक्षक पुढचा कोण म्हणून पैज लावूं लागतो. नातवाच्या मित्राला ती फार आवडली. मला ती एकदां पाहून पुरली. पति-पत्नींत श्रेष्ठ कोण हें सांगण्याच्या भानगडींत मी पडत नाहीं.

'शिकी'कडे परत येतों. अर्धी मालिका संपतां संपतां गोष्ट फिरते, आणि प्रेक्षकांतहि दोन तट पडतात. तोपर्यंत सारे प्रेक्षक डॉक्टरच्या बाजूचे असतात. मग डॉक्टरची बायको क्योको आजारी पडते आणि मरते. डॉक्टर तिचा मृत्यु कोणाला कळवीत नाहीं. तिचें प्रेत आपल्याच दवाखान्यांत ठेवून तो वाट पाहत बसतो. ती उठते. तो तिला शस्त्रक्रियेच्या मेजावर बांधतो, तोंडावर पट्टी चिकटवितो, आणि अशा पिशाचाला मरण कशानें येतें याचे एकेक प्रयोग तिच्यावर करतो. पट्टीखालून ती काय म्हणत असेल तें आपणांस ऐकूं येत नाहीं. डोळे मात्र दिसतात. शेवटीं तो हृदयांत खुंटा ठोकतो, आणि कामापुरतें ज्ञान त्याला मिळतें. मुरोइ येऊन तें दृश्य पाहतो आणि दोघां मित्रांच्या वाटा वेगळ्या होतात.

हें दृश्य संपण्यापूर्वींच आमच्या सौभाग्यवती उठून आंत गेल्या, आणि त्या दिवसापुरत्या परत आल्या नाहींत. मुलांनीं हें पाहूं नये असें मीं सुरुवातीस म्हटलें तें याच भागावरून. लहान मुलें घरांत असतील तर ही मालिका लावूंच नये.

वकीलसाहेब म्हणाले, "दुसरा मार्ग कोणता होता तो सांगा. गांव मरतें आहे. कोणी विश्वास ठेवीत नाहीं. पुरावा हवा, उपाय हवा. त्यानें जें केलें तें अप्रिय असेल, गुन्हा नव्हे. मेलेल्या माणसाचा खून होऊं शकत नाहीं." नातू म्हणाला, "ती बोलत होती, आजोबा. ज्याला भीति वाटते तो मेलेला कसा?" वकीलसाहेबांनीं कायद्याचीं दोन कलमें सांगितलीं, पण त्यांचा आवाज नेहमींसारखा चढला नाहीं. जगांत ज्यांनीं ज्यांनीं ही मालिका पाहिली त्यांच्यांत हाच वाद आजपर्यंत चालत आला आहे. डॉक्टर तारणारा कीं निर्दय? आणि पिशाचांत जी सुनाको नांवाची मुलगी आहे, दिसावयास लहान पण वयानें जुनी, तिचें म्हणणें ऐकावें कीं नाहीं? ती विचारते कीं मीं हें रूप मागितलें नव्हतें. जगावयाचें तर रक्त हवें, नाहीं तर उपाशी मरावयाचें. यांत माझा अपराध कोणता? भिक्षु मुरोइ तिच्या बाजूला जातो. कित्येक प्रेक्षक त्याला द्रोही म्हणतात. माझें मत विचाराल तर मुरोइ मला पटत नाहीं. ज्यांच्या घरच्या अंत्यविधीस तो जात होता त्यांना तो विसरला, आणि तत्त्वज्ञान्याला हा रोग लौकर जडतो. पण त्याच्यावर मी रागावूंहि शकलों नाहीं, कारण क्योकोच्या मेजापाशीं तो उभा होता आणि मी खुर्चींत बसलों होतों.

पुढें देवळाच्या उत्सवांत डॉक्टर जमलेल्या गांवासमक्ष एका पिशाचाला उघडें पाडतो, आणि गांव एकाएकीं जागें होतें. येथून शेवटपर्यंत गोष्टीचा वेग इतका वाढतो कीं दीडपटवाल्या मित्रालाहि तक्रारीस जागा उरत नाहीं. दिवसा पिशाचें निजतात; गांवकरी खुंटे आणि हातोडे घेऊन फळ्यांखालून, गटारांतून त्यांना ओढून काढतात. कोणी आपल्या शेजाऱ्याला, कोणी आपल्याच घरच्या माणसाला. बायका रक्तानें माखलेल्या अंगानें प्रेतांच्या राशीपाशीं बसून भाताचे लाडू खातात आणि गप्पा मारतात. दुकानापुढें बसून गप्पा मारणाऱ्या त्याच ह्या! पहिल्या भागांत त्यांच्या गप्पा लांबल्या म्हणून ज्यांनीं जांभया दिल्या त्यांना या दृश्याचा अर्धा अर्थ कळला नसणार. संशयावरून मग जिवंत माणसेंहि मारलीं जातात. शेवटीं आग लागते आणि सोतोबा जळून जातें. ज्या गांवानें आपले मृत कधीं जाळले नाहींत तें गांव असें एकदमच जळतें.

हा संहार लांबला आहे, असें माझें मत आहे. मंदपणाबद्दल ज्यांनीं बोटें मोडलीं त्यांतला एकहि या लांबीबद्दल बोलत नाहीं, याची मला मौज वाटते. अंत्ययात्रा चार झाल्या तर कंटाळा येतो. खुंटे चाळीस ठोकले तरी येत नाहीं. कादंबरींत आणि मालिकेंत कांहीं फरकहि आहेत. नात्सुनो मालिकेंत मेल्यानंतर निराळ्या रूपानें परत येऊन पुढच्या झुंजींत भाग घेतो. कादंबरींत तो मरतो तो मरतोच. माझ्या मतें कादंबरीचेंच बरोबर. पण मालिका पाहणाऱ्या तरुणांना तो इतका आवडतो कीं हें त्यांच्यापुढें बोलण्याची सोय नाहीं.

आतां रित्सुको. ती डॉक्टरच्या दवाखान्यांतली परिचारिका. मरते आणि पिशाच होऊन उठते. तिला भूक लागते, आणि तिच्यापुढें जेवण म्हणून तिच्याच दवाखान्यांतली एक जुनी सोबतीण बांधून आणून ठेवतात. ती तिला शिवत नाहीं. भूक वाढत जाते, ताप भरतो, आणि ती नाहींच म्हणते. तिच्या पहाऱ्यावर तोरू नांवाचा तरुण आहे. त्यानें भुकेपोटीं आपल्या जिवलग मित्राचा, त्या नात्सुनोचाच, घात केलेला आहे, आणि रित्सुको नकार देऊं शकते हें त्याला पाहवत नाहीं. शेवटीं ती त्या सोबतिणीला सोडून देते. मग गांवकरी येतात आणि दोघांनाहि मारतात. हा भाग पाहून झाल्यावर आमच्याकडे दिवा लावावयास कोणी उठलें नाहीं.

वकीलसाहेबच प्रथम बोलले. "येथें निकाल लागला," ते म्हणाले. "एकीला जर न खातां राहतां आलें, तर इतरांनाहि येत होतें. उपाय नव्हता ही सबब गेली. सगळे दोषी."

सूनबाई त्या दिवशीं रात्रपाळीला निघावयाची होती. पिशवी खांद्याला लावून ती दारांत उभी होती. ती वकीलसाहेबांना काका म्हणते. "काका," ती म्हणाली, "आमच्याकडे त्या वर्षीं एकजणी चौदा दिवस घरीं गेली नाहीं, आणि दुसरी तिसऱ्याच दिवशीं नोकरी सोडून गेली. दुसरीला दोन लहान मुलें होतीं. मी दोघींच्याहि बरोबर काम केलेलें आहे. पहिलीचें नांव घेऊन दुसरीला शिक्षा द्या असें मला कोणी सांगितलें असतें तर मीं ऐकलें नसतें." आणि बस निघून जाईल म्हणून ती गेली.

वकीलसाहेबांनीं यावर उत्तर दिलें नाहीं. जातांना त्यांनीं नातवाकडून मालिका मागून घेतली; पहिल्यापासून पुन्हा पाहावयाची म्हणाले, वंशावळींतल्या दोन जागा रिकाम्या राहिल्या आहेत. सध्यां ते सातव्या भागापर्यंत आले आहेत. वेगाच्या बटणाला त्यांनीं अजून हात लावलेला नाहीं, असें त्यांच्या नातीकडून कळतें.